फिर्याद देताना: ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत

मोबाइल हरवला, मोबाइल चोरीला गेला, मोबाइल हिसकावला. घरी सांगताना तिन्हींचा अर्थ एकच, 'फोन गेला'. पोलीस ठाण्यात मात्र या तीन शब्दांच्या तीन वाटा होतात. 'हरवला' म्हटलंत की गहाळ नोंदीचा दाखला मिळतो आणि विषय तिथेच मिटतो, कारण हरवणं हा गुन्हा नाही. 'चोरीला गेला' म्हटलंत की भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं. 'हातातून हिसकावून नेला' म्हटलंत की कलम ३०४. त्यासाठी मारलं किंवा मारण्याचा धाक घातला असेल तर ती जबरी चोरी, कलम ३०९, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. नवं सिमकार्ड काढण्यापुरता कागद हवा म्हणून लोक 'हरवला' लिहून मोकळे होतात आणि चार महिन्यांनी त्याच फोनवरून कुणाची तरी फसवणूक झाली की धावपळ करत बसतात.

फौजदारी प्रकरणाचा बराचसा निकाल असा पहिल्या कागदावरच ठरत असतो. म्हणून हा लेख त्या कागदावर जास्त रेंगाळेल आणि पुढचे टप्पे गरजेपुरतेच सांगेल.

कायदा कोणता लागतो

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू आहेत. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या पुरावा कायद्याच्या (१८७२) जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. गुन्हा कोणत्या कलमाखाली, हे घटनेच्या तारखेवरून ठरतं. मे २०२४ मधल्या फसवणुकीची फिर्याद आज दिलीत तर कलम जुनं ४२० च लागेल, पण नोंदणी आणि तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालेल. खाली नुसता कलमाचा आकडा आला, तर गुन्ह्याबाबत तो न्याय संहितेचा आणि नोंदणी, तपास, अटक अशा प्रक्रियेबाबत नागरिक सुरक्षा संहितेचा समजा.

दखलपात्र की एनसी

गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाला न विचारता तपास करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'एनसी' म्हणतात त्यात, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही. भांडणात कानशिलात मारली, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, 'बघून घेतो' म्हणून दम दिला, या प्रकाराला पूर्वी '३२३, ५०४, ५०६ ची एनसी' म्हणायचे. आता ती कलमं ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाली.

भांडण एकच असलं तरी तपशिलाने वर्ग बदलतो. हाताने मारलं तर ११५(२), अदखलपात्र. चाकू, कोयता किंवा जिवावर बेतेल असं हत्यार वापरून दुखापत केली तर ११८(१), दखलपात्र. हाड मोडलं, दात पडला किंवा पंधरा दिवस असह्य वेदना राहिल्या वा नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत (ही मुदत जुन्या कायद्यात वीस दिवस होती). आणि एका घटनेतल्या अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं.

चोरीबाबत एक खाच नवी आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी आता अदखलपात्र यादीत गेली. फिर्यादीत वस्तूपुढे 'जु.वा. किं.अं.' असं लिहून आकडा टाकतात: जुना वापरता, किंमत अंदाजे. अठरा हजाराला घेतलेला दोन वर्षांचा फोन 'जु.वा. किं.अं. ४,०००/-' झाला की तपासाचं दार जवळजवळ बंद. खरेदीचं बिल सोबत न्या आणि किंमत वाजवी लिहिली आहे का ते पाहा.

एनसी झालीच तर तिची प्रत घ्या आणि नुसती फायलीत ठेवू नका. साध्या दुखापतीला कमाल शिक्षा एक वर्षाची, त्यामुळे न्यायालयात जायची मुदतही एक वर्षच. ती उलटली की एनसीची प्रत आठवण म्हणून ठेवायची.

ठाण्यात जाण्याआधीचे काही तास

मारहाण असेल तर आधी दवाखाना. पोलीस ठाण्यातून 'मेडिकल यादी' (तपासणीसाठी रुग्णालयाला दिलेलं पोलिसांचं पत्र) घेऊन सरकारी रुग्णालयात जाण्याची पद्धत आहे, पण जखम मोठी असेल तर यादीची वाट पाहायची नाही. थेट जा आणि डॉक्टरांना 'मारहाण झाली आहे, एमएलसी (म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण) नोंदवा' असं स्पष्ट सांगा. भीतीने किंवा लाजेने 'जिन्यावरून पडलो' असं तिथे एकदा सांगितलं की केसपेपरवरचं ते वाक्य उलटतपासात हमखास वाचून दाखवलं जातं.

सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. सोसायटीच्या सचिवाला किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी द्या: अमुक तारीख, अमुक वेळ ते अमुक वेळ, एवढं चित्रण जपून ठेवावं. पोच घ्या. पडद्यासमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग माहितीपुरतं ठीक, पुरावा म्हणून लंगडं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवावी लागते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ बहुतेक वेळा दाबून लहान होतो आणि मूळ फाइलशी त्याची हॅश जुळत नाही. म्हणून मूळ फोन, मूळ मेमरी कार्ड तसंच ठेवा. चॅट डिलीट करू नका, स्वतःच्या शिव्या असलेलंसुद्धा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर मात्र सगळ्यात आधी १९३० वर फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर आले. फिर्याद नंतर सावकाश दिली तरी चालते.

फिर्याद: शब्द न शब्द

पहिला सापळा 'तक्रारी अर्जा'चा. तुम्ही छान टाइप केलेला अर्ज नेता, आवक शिक्का मिळतो, तुम्ही समाधानाने घरी येता. तो अर्ज 'अर्ज चौकशी'त जातो आणि महिनोन्महिने तिथेच राहतो. शिक्क्याची प्रत उपयोगी आहे, पण ती प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नव्हे. ज्या कागदावर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर नाही, तो गुन्हा नोंद झालेला नाही. एवढं ओळखता आलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं. नव्या कायद्यात त्याला एक मुरड पडली. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. 'चौकशी चालू आहे' असं उत्तर मिळालं तर परवानगी कोणाची आणि कोणत्या तारखेची, एवढं विचारा. चौदा दिवस मोजायला तुम्हाला तारीख लागेल.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. कलम १७३ प्रमाणे घटना कुठेही घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. तिथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदीवर येत नाही. लैंगिक गुन्ह्यांत पीडित महिलेची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते.

आता प्रत्यक्ष मजकूर. समजा, तुम्ही सांगितलं: 'काल संध्याकाळी दोघांनी माझी चेन चोरली आणि पळून गेले.' यावर कलम ३०३(२) लागेल आणि तपासाला धागा काहीच मिळणार नाही. हेच असं सांगता येतं:

'दि. १२ रोजी सायंकाळी ७.४० वाजण्याच्या सुमारास मी भाजी घेऊन घराकडे चालत येत असताना शाळेच्या मागच्या फाटकासमोर पाठीमागून एक काळी मोटारसायकल आली. मागे बसलेल्या इसमाने माझ्या गळ्यातील सोन्याची चेन हिसका मारून तोडली. त्यात माझ्या मानेला ओरखडा उठला. चालवणाऱ्याने हेल्मेट घातले होते. मागे बसलेल्याचा चेहरा मी दिव्याच्या उजेडात पाहिला असून, पुन्हा पाहिल्यास ओळखू शकेन. गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे ४७ होते, बाकीचे दिसले नाहीत.'

यात वेळ आहे, जागा आहे, उजेड कुठून होता ते आहे, कोणी काय केलं ते वेगवेगळं आहे. 'ओळखू शकेन' हे वाक्य नसेल तर पुढे ओळखपरेडीवर पहिला घाव तिथेच बसतो. आणि 'बाकीचे दिसले नाहीत' हेही तितकंच मोलाचं. जे दिसलं नाही ते अंदाजाने भरलं, की खरं होतं तेसुद्धा संशयात जातं.

छापील प्रथम खबरीत रकाने असतात. तीन रकाने सहीपूर्वी बोट ठेवून वाचा. एक, घटनेची वेळ आणि ठाण्यात खबर मिळाल्याची वेळ. दोन, तक्रार देण्यास उशीर झाल्याचं कारण. हा रकाना रिकामा किंवा 'निरंक' राहतो आणि तुम्ही दोन दिवसांनी आलेले असता. 'रुग्णालयात दाखल होते', 'धमकीमुळे गावाबाहेर होतो', जे खरं कारण असेल ते तिथे यायला हवं. तीन वर्षांनी साक्षीत सांगितलं तर 'हे आत्ता सुचलं' असा शिक्का बसतो. तीन, आरोपींची नावं. रागाच्या भरात मारणाऱ्याबरोबर त्याचा म्हातारा बाप, पुण्यात राहणारी बहीण आणि गल्लीतला एक जुना वैरीही यादीत घालण्याची आपल्याकडे फार हौस आहे. बहीण त्या दिवशी पुण्यातच होती, हे हजेरीपटावरून सिद्ध झालं की खऱ्या आरोपीच्या वकिलाला दुसरं काही करावं लागत नाही. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम २१७.

फिर्यादीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: 'माझा वरील जबाब संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.' त्या वाक्याखाली सही करायची, तर वाचा. टंकलेखक आधीच्या फिर्यादीचा साचा वापरतो, त्यामुळे दुसऱ्याच कुणाचं वय, कधी दुसऱ्याच गुन्ह्याचं वाक्य आत राहून जातं. चूक दिसली तर दुरुस्त करून नवी प्रत काढायला सांगा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, हा तुमचा हक्क आहे.

नोंदवूनच घेत नसतील तर

पहिल्यांदा वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. बरेच प्रश्न तिथे सुटतात. नाही सुटले तर कलम १७३(४) प्रमाणे घटनेचा लेखी मजकूर जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा पावती स्पीड पोस्टची असेल. ती आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद दोन्ही छापून ठेवा.

त्यानंतर न्यायदंडाधिकारी. कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागताना अर्जासोबत प्रतिज्ञापत्र हवं आणि आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा हवा. ही पायरी गाळून थेट न्यायालयात गेलेले अर्ज याच मुद्द्यावर फेटाळले जातात. दुसरी वाट खासगी फिर्यादीची, म्हणजे स्वतः थेट न्यायालयात दिलेल्या फिर्यादीची, कलम २२३. पुरावा तुमच्याच हातात असेल आणि पोलिसांनी काही शोधून आणायचं नसेल तर ती बरी. मात्र त्यात आता आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही.

तपास चालू असताना

घटनास्थळाचा पंचनामा होईल. झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण कलम १०५ प्रमाणे सक्तीचं आहे, पोलीस ते 'ई-साक्ष्य' ॲपवर करतात. पंच म्हणून सही करायला कुणी बोलावलं तर जे डोळ्यांसमोर झालं त्यावरच सही करा, कोऱ्या कागदावर किंवा ठाण्यात बसून नाही.

साक्षीदाराच्या जबाबावर सही नसते, कलम १८१ तशी सही घ्यायला मनाई करतं. फिर्यादीवर असते. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो. महिला, पंधरा वर्षांखालील मुलगा, साठीच्या पुढची, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही; पोलिसांनी घरी यायचं.

नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कलम १९३(३). कळवलं नाही तर याच कलमाचा हवाला देऊन लेखी विचारा. जप्त झालेली गाडी किंवा दागिने 'मुद्देमाल' म्हणून पडून राहत असतील तर न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करू, अशा हमीपत्रावर) परत मिळतात. ठाण्याच्या आवारात गाड्या कुजवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे.

फिर्याद तुमच्याविरुद्ध असेल तर

नियम तेच, फक्त बाजू बदलते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. नुसती व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. नोटीस रीतसर मिळाली की ठरल्या वेळी जा आणि हजेरीची लेखी पोच घ्या. न जाणं हेच अटकेचं कारण होतं. आणि व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणारा पोलीस नसून भामटा असतो. कायद्यात तसला प्रकारच नाही.

अटक झालीच तर चार गोष्टी तपासा. अटकेची कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी हवीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं आणि ती कारणं रिमांडच्या (कोठडी मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या) किमान दोन तास आधी हातात पडलीच पाहिजेत, असं सांगितलं. अटकेच्या ज्ञापनावर (अरेस्ट मेमोवर) नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही. नातेवाइकाला कळवणं. आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण, आणि पहिल्या रिमांडलाच मागा.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. मात्र त्या बोलण्यावरून चाकू किंवा दागिना सापडला तर तेवढा भाग पुराव्यात येतो. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा हक्क आहे.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्काने मिळतो. अजामीनपात्र म्हणजे 'जामीन नाही' असं नव्हे, तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच, पण आता ती तुकड्या-तुकड्यांनी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येते, म्हणून न्यायालयीन कोठडी लागली की पोलीस कोठडीचा धोका टळला असं समजू नका. साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी केला पाहिजे. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला.

समरी आली तर

तपास संपला की दोषारोपपत्र जातं, किंवा समरी, म्हणजे खटला न चालवता प्रकरण बंद करण्याचा अहवाल. हे शब्द महाराष्ट्राचे खास. 'ए' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. 'बी' म्हणजे फिर्याद द्वेषाने खोटी दिली. 'सी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. मंजूर करण्याआधी न्यायालय फिर्यादीला नोटीस काढतं. ती नोटीस आली की गप्प बसू नका. 'बी' समरी मंजूर झाली तर खोट्या फिर्यादीची कारवाई उलट तुमच्यावर येऊ शकते. हरकतीच्या अर्जात पोलिसांनी कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणतं चित्रण घेतलं नाही, हे क्रमाने मांडा. 'पोलीस मॅनेज झाले' या वाक्याने काही होत नाही.

साक्ष

समन्स येईपर्यंत दोन-चार वर्षं गेलेली असतात. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी भेटा आणि स्वतःची फिर्याद शांतपणे वाचा, पाठ करू नका. उलटतपासात प्रश्न पूर्ण होऊ द्या. 'आठवत नाही' हे खरं असेल तर वैध उत्तर आहे. अंदाजाने सांगितलेलं अंतर आणि मिनिटं मात्र पुढच्या चार प्रश्नांत अंगलट येतात. फिर्यादीत नसलेली ठळक गोष्ट कोर्टात पहिल्यांदा सांगितली, तर वकील 'हे पोलिसांना सांगितलं होतं का' एवढंच विचारून खाली बसतो. साक्ष मराठीत नोंदवली असेल तर सहीपूर्वी पडद्यावर किंवा कागदावर वाचून घ्या. आणि निघण्याआधी न्यायालयाच्या कर्मचाऱ्याकडे साक्षीदार भत्ता मागा. फौजदारी खटल्यातल्या साक्षीदाराचा खर्च न्यायालय सरकारकडून देववू शकतं. बसचं तिकीट आणि समन्सची प्रत जवळ ठेवा.